खिडकीखालचे तीन टिळे

मठाचे कारभारी रघुनाथाचार यांनी माडीवरच्या मोठ्या खिडकीची मधली लहान झडप उघडली, हात बाहेर काढून काचेच्या बाहेरच्या अंगावरून करंगळी फिरवली, ती आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली, मग गुरुराजरावांच्या डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "बाकी सगळं उत्तम. ही काच तेवढी पुसून घ्या. स्वामींचा मेणा बरोबर या खिडकीखाली उतरेल."

पुढच्या तेरा दिवसांत जे जे झालं, ते या करंगळीमुळे झालं.

गुरुराजराव कुंभकोणमच्या कोर्टात नकला विभागाचे मुख्य कारकून होते. दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं उतरलं आहे की नाही, हे ताडून पाहण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कोर्टात त्या नकलेवर इंग्रजी शिक्का पडे, पण घरी वाण्याची यादीसुद्धा ते दोनदा वाचत आणि मुळाशी तंतोतंत जुळलं या अर्थाचा, वडिलांच्या तोंडचा जुना शब्द उच्चारत, "अस्सलबरहुकूम." तंजावरच्या मराठी राजांच्या मागोमाग इकडे आलेल्या या घराण्याने पावणेतीनशे वर्षांत घोडा सोडला होता, पगडी सोडली होती, जमीनही बरीचशी सोडली होती, तो शब्द तेवढा सोडला नव्हता. घरात नवराबायको बोलत ती मराठीही त्याच काळातली. बाहेर सगळा तमिळ व्यवहार, आणि बाहेरचे लोक या मंडळींना सरसकट 'रायर' म्हणत.

वडील नरसिंहराव शेवटच्या दुखण्यात एकच गोष्ट मागून गेले होते: मठाच्या स्वामींची पाद्यपूजा या घरात एकदा तरी व्हावी. त्यासाठी त्यांनी स्वामीमलैच्या ओताऱ्याकडून कमळाच्या काठाची एक पंचधातूची परात मुद्दाम करवून आणली होती. परात आली आणि नरसिंहराव गेले. गुरुराजरावांनी मठाच्या यादीत नाव घातलं आणि परात देवघरात खुंटीला टांगली. अकरा वर्षांत तिच्यात कोणी लिंबूसुद्धा ठेवलं नव्हतं. आता १९५५ साली यादीत त्यांचा नंबर लागला होता. तमिळ आवणी महिन्यातला शुक्रवार, सकाळी दहा. साडेदहाला राहुकाळ लागतो, त्याच्या आत मेणा पुढे निघाला पाहिजे. म्हणजे अर्धा तास. अकरा वर्षांच्या मानाने थोडा, पण पाय धुवायला पुरेसा.

खिडकीविषयी थोडं सांगणं भाग आहे. पूर्वी तिला लाकडी झडपा होत्या. नरसिंहरावांनी १९२६ साली त्या काढून काच बसवली, आणि ती अशी पक्की बसवली की मधली वीतभर झडप सोडली तर काही उघडेना. बाहेरून लोखंडी गज. त्यामुळे काच बाहेरून पुसायची तर रस्त्यावर शिडी लावून गजांमधून हात घालायला हवा, आणि तो एकोणतीस वर्षांत कोणी घातला नव्हता. खिडकीखाली भिंतीत बसवलेला चार हात लांबीचा दगड मात्र जुना, राजांच्या अमदानीतला. कावेरीच्या गाळाच्या मुलखात दगड कुठून येणार? तो त्रिचीकडून बैलगाडीने आणलेला. घडवणाऱ्याने त्याचा दर्शनी भाग गुळगुळीत करून त्यावर शोभेसाठी तीन आडव्या खाचा पाडल्या होत्या. या खाचांकडे त्या दिवसापर्यंत कोणाचंच लक्ष गेलेलं नव्हतं.

गुरुराजरावांनी रजा टाकली. शिडी समोरच्या शारंगपाणि अय्यंगारांकडून आणली. धोतराचा काचा मारून मुख्य कारकून शिडीवर चढले, तेव्हा गल्लीतली वर्दळ थांबली. साध्या पाण्याने आणि वर्तमानपत्राने दोन तास घासल्यावर एकोणतीस वर्षांच्या धुळीचा चिखल झाला आणि काच, जी आतापर्यंत निदान धूसर होती, ती अपारदर्शक झाली.

"रायर, उतरा खाली," शेजारचे स्वामीनाथ अय्यर ओट्यावरून म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर, कट्टर शिवभक्त, आणि कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे रुळांसारखे समांतर. "काचेला पाणी काय लावता? राख लावा. गोवरीची राख. आमच्या स्टेशनातले कंदील तीस वर्षं राखेने पुसले. लांबून चेहरा दिसायचा त्यात."

गुरुराजराव शिडीवरच घुटमळले. माध्व वैष्णवाचं घर, स्वामी येणार, आणि भिंतीला राख?

"अहो, चुलीतली राख ती," स्वामीनाथ म्हणाले. "तिला शंकर माहीत नाही आणि विष्णूही माहीत नाही. काच मात्र माहीत आहे."

हे पटण्यासारखं होतं. राख ओली करून लावली, पुसली, वरून चार घागरी पाणी ओतलं. काच अशी लखलखली की समोरच्या अय्यंगारांच्या वाळत घातलेल्या वड्यांचं प्रतिबिंब तीत मोजून घ्यावं. गुरुराजराव खाली उतरले, हात धुतले आणि जेवून झोपले. एवढी शांत झोप त्यांना पुढे बरेच दिवस मिळायची नव्हती.

चार वाजता बायकोने, तुळसीबाईंनी, त्यांना हलवून उठवलं. "मी पुसितें, ती फुलवाली आपल्या भिंतीस कां नमस्कार करिते?"

गुरुराजराव बाहेर आले. राखेचं पाणी काचेवरून ओघळून दगडावर आलं होतं, खाचांमध्ये साचलं होतं आणि उन्हाने वाळलं होतं. काळ्या दगडावर, डावीकडून उजवीकडे, तीन पांढरेशुभ्र पट्टे. असलं रेखीव भस्म स्वामीनाथांच्या कपाळावरही कधी उमटलं नव्हतं. फुलवालीने हात जोडले होते, तिच्यामागे आलेल्या दोन यात्रेकरू बायाही चपला काढून उभ्या होत्या.

"शिव शिवा," स्वामीनाथ ओट्यावरून हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप शोधूनही सापडला नसता.

गुरुराजरावांनी ओल्या फडक्याने पट्टे पुसले. ओले असेपर्यंत ते दिसत नव्हते. वाळले की परत येत. तीनदा पुसले, तीनदा आले. राखेतला क्षार दगडाच्या अंगात मुरला होता, आणि दगड तो दर वेळी वाळताना बाहेर टाकत होता. पण हे शास्त्र त्या वेळी त्यांना कोणी सांगितलं नाही. गल्लीने मात्र आपल्यापुरतं सांगितलं: रायरांच्या भिंतीवर भस्म आपोआप उगवतं.

तिसऱ्या दिवशी शारंगपाणि अय्यंगार स्वतः रस्ता ओलांडून आले. हे त्यांच्यासारख्या माणसाने करणं म्हणजे काहीतरी गंभीर आहे असं समजावं.

"शिडी माझी," ते म्हणाले. "आणि सल्ला त्यांचा. मी काही बोललो नाही. पण आता रोज सकाळी दार उघडलं की समोर विष्णूच्या भक्ताच्या घरावर तीन आडवे पट्टे बघायचे, हे माझ्याच्याने होत नाही."

"जात नाहीत हो ते," गुरुराजराव काकुळतीने म्हणाले.

"चिंच लावा. चिंचेने काय जात नाही? देवळातली तांब्यापितळेची भांडी कशाने घासतात? आमच्या घरात भातापासून समईपर्यंत सगळ्याला चिंच लागते, आणि आजवर काही बिघडलेलं नाही."

चिंच म्हटल्यावर तुळसीबाईंनाही धीर आला. दोन शेर जुनी चिंच भिजवून, कोळून, गुरुराजराव पुन्हा शिडीवर चढले. वरून ओतली तर आपल्या वजनाने खालपर्यंत उतरेल, असा विचार करून त्यांनी तो कोळ गजांच्या वरून ओतला. हा विचार लेखी स्वरूपात त्यांच्या टेबलावर आला असता, तर त्यांनी त्यावर लाल शाईने प्रश्नचिन्ह केलं असतं. गज लोखंडाचे होते आणि त्यांच्यावर एकोणतीस वर्षांचा गंज होता. चिंचेने तो प्रामाणिकपणे सोडवला, मधल्या गजावरून खाली आणला आणि दगडाच्या बरोबर मधोमध एक तांबडी उभी रेघ ओढली. तिच्या दोन्ही अंगांना, चिंच जिथे अर्धवट पोचली होती तिथे, राखेचा पांढरा क्षार विरघळून उभा ओघळला आणि खाली एकत्र मिळाला.

मध्ये तांबडी रेघ, दोन बाजूंना पांढऱ्या. अय्यंगारांच्या कपाळावरचं नामम्. खालचे तीन पट्टे फिके झाले होते, पण गेले नव्हते.

"पेरुमाळ!" शारंगपाणि अय्यंगार रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून आपल्या विष्णूला म्हणाले आणि त्यांनी गालांना हात लावून घेतले.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण अय्यंगारांत दोन पंथ. वडकलै मंडळींचं नामम् खाली गोलाईने मिळतं. तेन्कलै मंडळींच्या नामाला खाली नाकावर उतरणारा एक पाय असतो. आणि या पायावरून तमिळ मुलखात हत्तीच्या कपाळावर कोणतं नामम् काढायचं याचे खटले वर्षानुवर्षं चालत आलेले. गुरुराजरावांनी त्यांतल्या एकाची नक्कल स्वतः ताडली होती. शारंगपाणि वडकलै. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाचे शठकोपाचारी आले, ते तेन्कलै. त्यांनी चष्मा पुसून भिंतीकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

"पाय आहे," ते म्हणाले.

"पाय नाही. थेंब आहे," शारंगपाणि म्हणाले.

"थेंब अर्धं बोट लांब असतो?"

"चिंच घट्ट असली की असतो. माझी चिंच आहे, मला विचारा."

"चिंच तुमची, पण पाय त्याचा!" शठकोपाचारी आकाशाकडे बोट करून म्हणाले. "रायर, तुम्ही मध्यस्थ. तुम्हीच सांगा, पाय की थेंब?"

गुरुराजराव म्हणाले की हा डाग आहे. त्यावर दोघेही एकदम त्यांच्याकडे अशा नजरेने पाहू लागले की त्यांनी घरात जाऊन कडी लावली. दुपारी शठकोपाचारी फूटपट्टी घेऊन आले. शारंगपाणींनी आपली शिडी द्यायला नकार दिला. संध्याकाळी चौकातल्या सभेत देवधर्माविरुद्ध बोलणाऱ्या काळ्या सदऱ्यातल्या वक्त्याने या भिंतीचा दाखला दिला, असं स्वामीनाथ सांगत आले. "म्हणाला, दोन देव एका दगडावर भांडतायत, आणि धुणारा एकच वेडा."

"माझें नांव घेतलें?" गुरुराजरावांनी मराठीतच विचारलं, इतके ते खचले होते.

"नाव नाही घेतलं. पण सगळ्यांना कळलं."

गुरुराजरावांचा अजूनही एका गोष्टीवर विश्वास होता, ती म्हणजे लेखी अर्ज. त्यांनी इमारत खात्याच्या कचेरीला सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'खिडकी धुण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचा जुन्या घराच्या दगडकामावर परिणाम होतो किंवा कसे, आणि होत असल्यास तो कसा दूर करावा, याबाबत तज्ज्ञ अभिप्राय मिळावा. काम निकडीचे आहे.' अर्ज देऊन दोन दिवस झाले तेव्हा ते स्वतः गेले. पहिल्या टेबलावर सांगण्यात आलं की विषय खिडकीचा असल्यास तो येथे, परंतु धुण्याचा असल्यास पाण्याच्या टेबलावर. पाण्याच्या टेबलाने अर्ज उलटून पाहिला आणि विचारलं, यात नळ कुठे आहे? दगडाचं टेबल होतं, पण ते खाणींसाठी होतं, आणि तिथल्या गृहस्थांनी दगड अजून जमिनीत आहे की काढलेला, एवढंच विचारून अर्ज परत केला. शेवटी ओव्हरसियर चंद्रमौळी यांना दया आली आणि ते सायकलवरून पाहणीला आले.

ओव्हरसियरांनी दगडाकडे बराच वेळ पाहिलं. नाव चंद्रमौळी असल्यामुळे खालच्या तीन पट्ट्यांत त्यांना आक्षेपार्ह काही दिसेना.

"हे तुम्ही रंगवलंय?"

"नाही हो. धुतलंय."

"रस्त्याच्या बाजूला, सार्वजनिक दृष्टीस पडेल अशी खूण म्हणजे फलक. फलकाला परवाना लागतो."

"पण मला तो नकोय! तो काढायचाय!"

"काढायचा तर परवाना असलेलाच फलक काढता येतो," ओव्हरसियर समजावणीच्या सुरात म्हणाले. "नसलेला कसा काढणार? आधी लावल्याची नोंद करा, मग काढल्याची करू. आणि परिणामाचं विचाराल तर तो मला तोंडी सांगता येत नाही. पाहणीचा दिवस ठरेल, अहवाल होईल, उत्तर टपालाने येईल."

"ही पाहणी नव्हे?"

"ही मी सहज आलो."

गुरुराजरावांनी एकतीस वर्षं कचेरीत काढली होती, त्यामुळे यात चूक कुठे आहे हे त्यांना सापडलं नाही. तेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

आता पाच दिवस उरले होते. यापुढे कोणाचाही सल्ला घ्यायचा नाही, असं ठरवून त्यांनी स्वतःची बुद्धी चालवली. आणि गुरुराजरावांना ओळखणाऱ्यांनी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. कोळसा मळ शोषून घेतो, हे त्यांनी कुठेतरी छापलेलं वाचलं होतं. न्हाणीघरातल्या बंबाचा कोळसा त्यांनी कुटला, पाण्यात कालवला, नामाच्या मधल्या तांबड्या रेघेवर जाड थापला आणि वरून जुन्या उपरण्याची पट्टी बांधून ठेवली. शिडीसाठी शारंगपाणींना शब्द द्यावा लागला, की पायाला हात लावणार नाही. थेंबालाही नाही.

सकाळी पट्टी सोडली. कोळशाने तांबडं काही शोषलं नव्हतं. उलट स्वतःच तिथे बसला होता. चिंचेने खरबरीत झालेल्या दगडात काळी कुळकुळीत उभी रेघ मुरली होती, आणि तिच्या बुडाशी तांबड्याचा एक गोल ठिपका तेवढा शिल्लक होता. उभा काळा अंगार आणि खाली अक्षत. खुद्द गुरुराजराव रोज सकाळी पूजेनंतर आरशात पाहून लावत, तोच टिळा.

तुळसीबाईंनी खालून वर पाहिलं.

"आतां तरी आपला आला," त्या म्हणाल्या.

"हंसतेस?"

"हंसूं नको तर काय करूं? शंकर जाहला, अय्यंगार जाहले, आतां आपणही जाहलों. राहिलें कोण?" मग त्यांचा आवाज बदलला. "ठेवा कीं तसेंच. स्वामी येतील, पाहतील. मोठा माणूस आहे, समजेल त्यास."

हे ऐकायला हवं होतं. पण त्याच दुपारी मठातून पोस्टकार्ड आलं. रघुनाथाचारांचं अक्षर, तीन ओळी: 'आपल्या भिंतीचे वृत्त स्वामींच्या कानी गेले आहे. स्वामींनी त्याबाबत आज्ञा केली आहे. योग्य ती व्यवस्था होईल.'

गुरुराजरावांनी ते कार्ड अकरा वेळा वाचलं. योग्य ती व्यवस्था! कोर्टाच्या भाषेत याचा एकच अर्थ होतो, आणि तो त्यांनी शेकडो हुकुमांत उतरवला होता. नाव यादीतून कमी. त्यांनी देवघरात जाऊन परातीकडे पाहिलं. तुळसीबाईंनी ती उतरवून घासून ठेवली होती. तिच्या कमळाच्या पाकळ्या आत्ताच ओतल्यासारख्या चमकत होत्या.

"बाबा मजला काय म्हणतील?" ते म्हणाले.

"काच अशी पक्की बसविली ती बाबांनींच, त्यांसच आधी पुसा," तुळसीबाई म्हणाल्या. पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

बुधवारी सकाळी त्यांनी चुन्याचं एक घमेलं भिजवलं आणि खिडकीखालचा तो सगळा दगड, पट्टे, नामम्, पाय किंवा थेंब, अंगार आणि अक्षत यांसह, चुन्याच्या तीन हातांखाली गाडून टाकला. काळाभोर दगड दह्यासारखा पांढरा झाला. शारंगपाणींनी दार लावून घेतलं. शठकोपाचारी रस्त्यावरून गेले ते दुसऱ्या बाजूला पाहत. फुलवाली थांबली, तिने वर पाहिलं, आणि हातातली फुलं पुन्हा टोपलीत टाकली.

गुरुवारी अकरा वाजता ओव्हरसियर चंद्रमौळी चौकोनी वही घेऊन आले. या वेळी पाहणीला आले होते. त्यांनी भिंतीची लांबीरुंदी घेतली, दगडाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. गुरुराजरावांनी काही सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ते म्हणाले, "तोंडी काही नको. दिसतं तेच लिहायचं असतं."

शुक्रवार उजाडला. दारात केळीचे खांब, उंबऱ्यापुढे तुळसीबाईंनी काढलेली भली मोठी रांगोळी, गुरुराजराव तिरुभुवनमच्या रेशमी सोवळ्यात, हातात परात, परातीत पाणी. घरोघर असंच. स्वामी जाणार म्हणून गल्लीतल्या प्रत्येक दारात पूर्णकुंभ आणि आरती घेऊन माणसं उभी होती. शेजारधर्म म्हणून स्वामीनाथांनीही घर साफ केलं होतं. पहाटे उठून त्यांनी आपल्याही माडीची खिडकी धुतली होती. अर्थात गोवरीच्या राखेने. दगड त्यांच्याकडेही होता, खाचाही त्याच घडवणाऱ्याच्या होत्या, आणि पूर्वेचं ऊन दोन्ही घरांवर सारखंच पडत होतं.

दहाला पाच मिनिटं असताना नागस्वरम् ऐकू आलं. मागून मेणा. पुढे चांदीची काठी घेतलेला छडीदार, आणि आठ भोई, सगळे परगावचे. रघुनाथाचार स्वतः कुठे दिसेनात. ते पुढच्या मुक्कामाच्या तयारीला सकाळीच तिरुविडैमरुदूरला गेले होते. छडीदार एकेका भिंतीकडे वर पाहत चालला होता. गुरुराजरावांच्या दारापाशी त्याने वर पाहिलं. पांढरंफेक. तो पुढे गेला. मेणा पुढे गेला. मेण्याच्या सावलीने परातीतलं पाणी क्षणभर काळं झालं, आणि पुन्हा उजळलं.

स्वामीनाथ अय्यरांच्या घरापुढे छडीदाराने काठी आपटली. मेणा खाली टेकला. नागस्वरम् वाजतच होतं.

"हे एक झालं," छडीदार भिंतीवरच्या तीन पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाला. "बाकीचे दोन टिळे कुठायत?"

स्वामीनाथांनी हातातली आरती ओट्यावर टेकवली. "कसले?"

"स्वामींची आज्ञा आहे. ज्या घराच्या दगडावर तिन्ही टिळे एकत्र नांदतात, तिथेच उतरायचं. तेच त्यांना पाहायचंय. कारभाऱ्यांनी सांगितलंय, नाव विचारत बसू नका, सगळं गाव ते घर दाखवील."

"अय्यय्यो!" स्वामीनाथ ओरडले. "ते शेजारचं! रायर! अहो रायर, बोला की!"

गुरुराजराव परात घेऊन धावले. सोवळ्यात धावायला येत नाही, पाणी सांडायलाही नको, त्यामुळे ते धावणं दिसायला चालण्यासारखंच दिसत होतं. "माझंच," ते म्हणाले. "तेच घर. तो दगड माझाच."

छडीदाराने वळून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "गल्लीत शिरल्यापासून हे सांगणारे तुम्ही चौथे."

"खरं सांगतायत हो!" समोरच्या दारातून शारंगपाणि गरजले. "माझ्या चिंचेची शपथ!"

"नामाला पाय होता!" गल्लीच्या टोकावरून शठकोपाचारी.

"थेंब!"

हा वाद मिटून, साक्षी घेऊन, छडीदाराची खात्री पटेपर्यंत कोणीतरी घड्याळ पाहिलं. साडेदहाला तीन मिनिटं होती. राहुकाळात मेणा गल्लीत थांबू शकत नव्हता. भोयांनी दांडे खांद्यावर घेतले. मेण्याचा पडदा किंचित सरला. आत एक कृश, वृद्ध, शांत चेहरा होता. स्वामींनी पांढऱ्या दगडाकडे पाहिलं, मग परातीकडे, मग परात धरलेल्या हातांकडे.

"पाहायची होती ती भिंत," ते म्हणाले. त्यांनी ओंजळभर मंत्राक्षता गुरुराजरावांच्या अंगावर टाकल्या. "पुन्हा योग येईल."

मठाच्या यादीप्रमाणे योग अकरा वर्षांनी येतो.

गल्ली रिकामी झाल्यावर गुरुराजराव बराच वेळ उंबऱ्यावर परात धरून उभे होते. तुळसीबाईंनी ती त्यांच्या हातून घेतली. पाण्यात थोड्या अक्षता पडल्या होत्या. त्यांनी ते पाणी अंगणातल्या वृंदावनाला घातलं, परात पुसली आणि पुन्हा खुंटीला टांगली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. स्वामीनाथही जेवले नाहीत, असं नंतर कळलं, आणि त्यांनी आपल्या भिंतीवरचे पट्टे पुसायचा प्रयत्न केला, असंही कळलं. ते निघाले नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी टपाल आलं. लांबट सरकारी पाकीट. गुरुराजरावांनी ते रस्त्यावरच, खिडकीखाली उभं राहून फोडलं.

'आपल्या अर्जास अनुसरून स्थळपाहणी करण्यात आली. सदर दगड सर्वत्र एकसारखा पांढरा व निर्मळ आढळला. त्यावर कोणतेही डाग, ओघळ किंवा चिन्ह नाही. सबब, खिडकी धुण्याच्या पद्धतींचा जुन्या घराच्या दगडकामावर काहीही परिणाम होत नाही, असा अभिप्राय देण्यात येत आहे.'

ते सवयीने दुसऱ्यांदा वाचू लागले. 'एकसारखा पांढरा' या शब्दांवर वरून चुन्याचा एक पापुद्रा येऊन पडला. मग दुसरा. त्यांनी वर पाहिलं. क्षार मुरलेल्या दगडावर चुना धरत नाही, हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दगडाने आठ दिवसांत तो अंगावरून ढलप्याढलप्यांनी झटकून टाकला होता, आणि खालून सगळं जिथल्या तिथे बाहेर येत होतं. तीन आडवे पट्टे, दोन पांढऱ्या उभ्या रेघा, मध्ये काळा अंगार, बुडाशी तांबडी अक्षत. त्याच्याखाली अर्ध्या बोटाचा पाय. किंवा थेंब.

मागे चपला काढल्याचा आवाज आला. फुलवालीने टोपली खाली ठेवून हात जोडले होते.

गुरुराजरावांनी हातातला कागद आणि वरचा दगड यांच्यावरून एकदा नजर फिरवली, नकला विभागात फिरवत तशी, ओळीने, काही न वगळता. कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. मग दगडाकडे पाहून ते हळूच म्हणाले,

"अस्सलबरहुकूम."